छोट्या सिंथेसायझरला बाहेरचा मिडी कीबोर्ड कसा जोडावा

हातात किंवा पाठपिशवीत मावणारे सिंथेसायझर आवाजाच्या बाबतीत मोठ्या वाद्यांना सहसा कमी पडत नाहीत. तडजोड होते ती पट्ट्यांची. कॉर्गच्या मायक्रोकॉर्गला ३७ छोट्या पट्ट्या आहेत. टीनेज इंजिनिअरिंगच्या पहिल्या ओपी-१ ला २४ पट्ट्या आहेत आणि त्या किती जोराने दाबल्या याची नोंद ते वाद्य घेत नाही. कॉर्गच्या वोल्का मालिकेतील अनेक वाद्यांवर तर पट्ट्यांच्या जागी केवळ स्पर्शाने चालणारी सपाट पट्टी असते. दोन्ही हातांनी वाजवायचे असेल, बोटांच्या जोरानुसार आवाज कमी-जास्त व्हावा असे वाटत असेल, किंवा रियाजाची सवय मोठ्या पट्ट्यांवर झालेली असेल, तर अशा वाद्याला बाहेरचा मिडी कीबोर्ड, म्हणजे मिडी या वाद्यांच्या सामायिक भाषेत सूचना पाठवणारा कीबोर्ड, जोडणे हा सर्वांत सरळ उपाय आहे.

हे काम अवघड नाही, परंतु नवशिक्यांची बहुतेक निराशा एकाच चुकीच्या क्रमातून होते: आधी केबल विकत घेतली जाते आणि मग ती कुठे बसते याचा शोध सुरू होतो. केबल निवडण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे मिळायला हवीत. संदेश कोणाकडून कोणाकडे जाणार आहेत, हा पहिला प्रश्न. आणि जोडणी यूएसबीने होणार असेल तर त्या जोडणीचा ताबा कोणाकडे असेल, हा दुसरा. ही उत्तरे मिळाली की कोणती केबल लागेल हे आपोआप ठरते.

केबलमधून नेमके काय जाते

मिडी केबलमधून आवाज जात नाही, सूचना जातात. कीबोर्डवर पट्टी दाबली की तीन छोटे आकडे पाठवले जातात: स्वर सुरू करण्याची आज्ञा व तिचा चॅनेल (एकाच केबलमधून वेगवेगळ्या वाद्यांचे संदेश ओळखण्यासाठीचा क्रमांक), स्वराचा क्रमांक आणि दाबण्याचा जोर. स्वराचे क्रमांक ० ते १२७ असतात आणि मिडल सीचा, म्हणजे पियानोच्या मधल्या सी स्वराचा, क्रमांक ६० आहे. जोराचे मोजमापही १२७ पर्यंतच जाते. पट्टी सोडल्यावर स्वर थांबवण्याची वेगळी सूचना जाते. त्यामुळे कीबोर्डला स्पीकर किंवा हेडफोन जोडण्याचा प्रश्नच येत नाही. ते नेहमी सिंथेसायझरला जोडायचे, कारण आवाज तिथेच तयार होतो.

ही भाषा चाळीस वर्षांहून जुनी आहे. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ ही दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका केबलने जोडून दाखवण्यात आली होती. तेव्हाच्या कीबोर्डवरची पट्टी आजच्या तळहाताएवढ्या वाद्यातून आवाज काढू शकते, आणि त्यासाठी ना कोणाची परवानगी लागते ना कोणते नवे सॉफ्टवेअर. तंत्रज्ञानाच्या जगात इतका टिकाऊ करार क्वचितच आढळतो, आणि नवशिक्याने त्याचा पूर्ण फायदा घ्यावा असे मला मनापासून वाटते.

पायरी पहिली: दोन्ही उपकरणांचे पोर्ट ओळखा

कीबोर्ड आणि सिंथेसायझर दोन्ही उजेडात उलटून पाहावेत आणि त्यांच्यावरची अक्षरे वाचावीत. साधारणपणे चार प्रकारची तोंडे सापडतात.

पहिले म्हणजे पाच पिनांचे गोल डिन तोंड. पाच भोके असली तरी प्रत्यक्षात तीनच वापरली जातात. चौथ्या व पाचव्या पिनेतून संदेश जातो आणि दुसरी पिन केबलच्या आवरणाला जोडलेली असते. या तोंडाशेजारी इन, आउट किंवा थ्रू असे लिहिलेले असते. आउटमधून उपकरण स्वतःचे संदेश पाठवते, इनमधून दुसऱ्याचे ऐकते, आणि थ्रू हे इनमध्ये आलेले संदेश जसेच्या तसे पुढे सोडते. मायक्रोकॉर्गवर ही तिन्ही तोंडे आहेत. वोल्काच्या पहिल्या वाद्यांवर केवळ इन आहे. आपल्या कामासाठी तेवढे पुरेसे आहे.

दुसरे म्हणजे ३.५ मिलिमीटरचे छोटे तोंड, हेडफोनच्या तोंडासारखेच दिसणारे. जागा वाचवण्यासाठी छोट्या वाद्यांवर ते आता सर्रास असते. तिसरे यूएसबी. चौथे म्हणजे काही कंपन्यांची स्वतंत्र पद्धत. उदाहरणार्थ, यामाहाच्या रिफेस मालिकेत मिडीसाठी एक लहान गोल तोंड आहे आणि त्याला सोबत मिळणारी फाटा असलेली केबल लावली की पाच पिनांची नेहमीची तोंडे मिळतात. असे वाद्य जुने विकत घेताना ती केबल सोबत मिळते आहे ना, हे आधी पाहावे.

एक सावधगिरी इथेच सांगणे आवश्यक आहे. छोट्या वाद्यांवर ३.५ मिलिमीटरची तोंडे अनेक असतात आणि ती सारखीच दिसतात: एक हेडफोनचे, एक तालाच्या ठोक्यासाठीचे, एक मिडीचे. वोल्कावरील सिंक नावाची छोटी तोंडे मिडीची नाहीत. त्यांतून फक्त तालाचा ठोका जातो. हेडफोन कानात असताना त्यांची पिन चुकून मिडी आउटमध्ये घालू नये, कारण तिथून येणारे विद्युत संकेत कानाला आणि हेडफोनला दोन्हींना त्रासदायक ठरू शकतात.

पायरी दुसरी: गोल तोंडाने जोडता येत असेल, तर तसेच जोडा

कीबोर्डवर डिन आउट आणि सिंथेसायझरवर डिन इन असेल, तर निम्मे काम झालेलेच आहे. पाच पिनांची एक मिडी केबल घ्यावी, तिचे एक टोक कीबोर्डच्या आउटमध्ये आणि दुसरे सिंथेसायझरच्या इनमध्ये लावावे. आउटला इन, एवढेच सूत्र आहे. इनला इन जोडले तर दोघेही ऐकत बसतील आणि कोणीच बोलणार नाही. केबलची लांबी प्रमाणानुसार १५ मीटरपर्यंत चालते. टेबलावरच्या जोडणीला एक-दीड मीटर पुरते.

जोडणी करताना दोन्ही उपकरणे बंद ठेवावीत आणि सिंथेसायझरचा आवाज खाली आणून मग ती चालू करावीत. पिन जोर लावून ढकलू नये. गोल पिनेवर एक खाच असते, ती तोंडातील खाचेशी जुळली की पिन सहज बसते.

ही जुनी पद्धत मी सर्वांत आधी सुचवतो याला कारण आहे. मिडी इनच्या आत प्रकाशाने संदेश पोहोचवणारा एक सुटा भाग असतो, त्यामुळे पाठवणारे आणि ऐकणारे उपकरण विजेच्या दृष्टीने एकमेकांपासून वेगळे राहतात. यूएसबीने जोडल्यावर अनेकदा स्पीकरमधून येणारी बारीक शिट्टी किंवा घरघर इथे सहसा येत नाही. दुसरे असे की इथे ड्रायव्हर, मान्यता, ओळख पटवणे असे काही नसते. केबल लावली की संदेश जातात.

या मार्गाच्या वेगाबद्दल नवशिक्यांना शंका असते. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट आहे आणि एका स्वराची सूचना पोहोचायला जवळपास एक मिलिसेकंद लागतो. दहा बोटे एकाच क्षणी पडली तरी शेवटचा स्वर पहिल्यापेक्षा फार तर दहा मिलिसेकंद मागे राहतो, आणि बहुतेक कीबोर्ड सारखी आज्ञा पुन्हा न पाठवण्याची युक्ती वापरून तेही अंतर कमी करतात. साध्या वादनात हा फरक जाणवत नाही.

मात्र विजेचा विचार वेगळा करावा लागतो. गोल केबल कीबोर्डला वीज पुरवत नाही. आर्टुरियाच्या कीस्टेपसारखा कंट्रोलर, म्हणजे स्वतः आवाज न काढता फक्त सूचना पाठवणारा कीबोर्ड, डिनने सिंथेसायझरला जोडला तरी त्याला यूएसबीतून किंवा वेगळ्या अडॅप्टरमधून वीज द्यावीच लागते. मोबाइलचा साधा चार्जर त्यासाठी चालतो. पॉवर बँक वापरायची असेल तर एक अडचण येऊ शकते: कंट्रोलर इतकी कमी वीज घेतो की काही पॉवर बँकांना काहीच जोडलेले नाही असे वाटते आणि त्या थोड्या वेळाने आपोआप बंद होतात. बाहेर वाजवण्याचा बेत असेल तर ही परीक्षा घरी घेऊन पाहावी.

पायरी तिसरी: छोटे ३.५ मिलिमीटरचे तोंड असेल तर प्रकार तपासा

एका बाजूला गोल आणि दुसऱ्या बाजूला छोटे तोंड असेल तर रूपांतरक लागतो. बऱ्याच वाद्यांसोबत तो खोक्यातच येतो. तो हरवला असेल तर बाजारातून आणण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी. सुरुवातीला प्रत्येक कंपनीने छोट्या पिनेची जोडणी आपल्या पद्धतीने केली, आणि त्यातून टाइप ए व टाइप बी असे दोन प्रकार झाले. टाइप ए मध्ये पिनेचे टोक डिनच्या पाचव्या पिनेला आणि मधली कडी चौथ्या पिनेला जोडलेली असते. टाइप बी मध्ये हे नेमके उलट असते. २०१८ मध्ये टाइप ए हे प्रमाण ठरवण्यात आले. कॉर्गची उपकरणे टाइप ए वापरतात, तर आर्टुरियाचे बीटस्टेप प्रो आणि नोव्हेशनचे पहिले सर्किट टाइप बी वापरतात. चुकीचा प्रकार लावल्याने वाद्य सहसा बिघडत नाही, पण काहीच वाजत नाही, आणि नवशिक्याला वाटते की वाद्यच खराब आहे.

दोन्ही बाजूंना छोटी तोंडे असतील आणि प्रकार एकच असेल, तर दोन्ही टोकांना छोटी पिन असलेली साधी स्टिरिओ केबल चालते. इथे स्टिरिओ हा शब्द महत्त्वाचा आहे. पिनेवर दोन काळ्या रेघा, म्हणजे तीन धातूचे भाग दिसले पाहिजेत. एकच रेघ असलेली मोनो केबल बाहेरून तशीच दिसते, परंतु तिच्यात मधली कडीच नसल्याने संदेश पुढे जात नाही. प्रकार वेगळे असतील तर टोक आणि कडी यांची अदलाबदल करणारी केबल मिळते.

पायरी चौथी: यूएसबीने जोडायचे असल्यास ताबा कोणाकडे आहे ते ठरवा

सर्वाधिक गोंधळ याच ठिकाणी होतो, म्हणून इथे थोडे थांबू या. यूएसबीची रचना समान दर्जाच्या दोन उपकरणांसाठी झालेली नाही. जोडणीच्या एका टोकाला होस्ट लागतो, म्हणजे जोडणीचा ताबा असणारा, वीज पुरवणारा आणि समोरच्याची ओळख पटवून त्याच्याशी संवाद सुरू करणारा. दुसऱ्या टोकाला त्याच्या विचारण्याची वाट पाहणारे उपकरण असते. संगणक हा होस्ट असतो. मिडी कीबोर्ड जवळपास नेहमी उपकरण असतो. आणि बहुतेक छोटे सिंथेसायझरसुद्धा उपकरणच असतात, कारण त्यांचा यूएसबी पोर्ट संगणकाला जोडण्यासाठी दिलेला असतो. अशी दोन उपकरणे एकमेकांना जोडली तर दोन्ही वाट पाहत राहतात. केबल दोन्ही तोंडांत व्यवस्थित बसते, एखादा दिवाही लागतो, पण स्वर एकही ऐकू येत नाही.

पोर्टच्या आकारावरून अंदाज बांधता येतो. चौकोनी यूएसबी टाइप बी (छोट्या पिनेच्या टाइप बीशी याचा संबंध नाही) किंवा छोटा मिनी अथवा मायक्रो पोर्ट असेल तर वाद्य उपकरण आहे असे समजावे. संगणकावर असतो तसा रुंद, सपाट यूएसबी टाइप ए पोर्ट वाद्यावर असेल तर ते होस्ट असण्याची शक्यता आहे. मात्र काही वाद्यांवर असा पोर्ट केवळ पेन ड्राइव्हसाठी असतो, म्हणून माहितीपुस्तिकेत पाहावे. टाइप सी पोर्टवरून मात्र काहीच ठरवता येत नाही, कारण तो दोन्ही भूमिका करू शकतो. उदाहरणार्थ, मूळ ओपी-१ होस्ट होऊ शकत नाही, पण २०२२ मध्ये आलेले ओपी-१ फील्ड होऊ शकते. माहितीपुस्तिकेत यूएसबी मिडी होस्ट असा स्पष्ट उल्लेख शोधावा. नुसता यूएसबी मिडी असा उल्लेख पुरेसा नाही.

सिंथेसायझर होस्ट असेल तर कीबोर्ड थेट जोडावा. त्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. कीबोर्ड क्लास कंप्लायंट असला पाहिजे, म्हणजे तो वेगळा ड्रायव्हर न टाकता चालला पाहिजे. रोलँडच्या काही कीबोर्डांत यूएसबी ड्रायव्हरचा पर्याय जेनेरिक असा बदलावा लागतो आणि मग उपकरण बंद करून पुन्हा चालू करावे लागते. दुसरी गोष्ट विजेची. कीबोर्डची वीज आता सिंथेसायझरच्या बॅटरीतून जाते. रंगीत दिवे आणि पडदा असलेला कंट्रोलर बॅटरी लवकर संपवतो, आणि काही वेळा त्याला हवी तितकी वीज न मिळाल्याने तो मधूनच बंद पडतो. अशा वेळी स्वतंत्र वीजपुरवठा असलेला यूएसबी हब मध्ये लावता येतो, मात्र सिंथेसायझर हबमागचे उपकरण ओळखतो की नाही हे वाद्यागणिक बदलते.

दोन्हीही उपकरणेच असतील, तर मध्ये एक होस्ट आणावा लागतो. त्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे यूएसबी मिडी होस्ट नावाची छोटी पेटी. केंटनसारख्या कंपन्या अशा पेट्या बनवतात. पेटीला एका बाजूने यूएसबी कीबोर्ड जोडायचा आणि दुसऱ्या बाजूच्या गोल तोंडातून केबल सिंथेसायझरच्या मिडी इनला न्यायची. संगणक लागत नाही, पेटीला फक्त वीज द्यायची. केवळ यूएसबी असलेला कीबोर्ड आधीच घरात असेल तर हा मार्ग सर्वांत उत्तम.

याच संदर्भात एक इशारा द्यायला हवा, कारण या चुकीत अनेकांचे पैसे वाया जातात. एका टोकाला यूएसबीची सपाट पिन आणि दुसऱ्या टोकाला इन व आउट अशा दोन गोल पिना असलेली एक स्वस्त केबल सर्वत्र मिळते. ती संगणकासाठी बनवलेली आहे. तिच्यात होस्ट नसतो. तीही एक उपकरणच असते. यूएसबी कीबोर्ड आणि सिंथेसायझर यांच्यामध्ये ती लावून काहीही होत नाही. होस्ट पेटीवर कीबोर्डची पिन आत जाईल असे यूएसबी तोंड असते. या केबलला मात्र यूएसबीची पिनच असते. हा फरक डोळ्यांनी दिसतो.

दुसरा मार्ग म्हणजे संगणक, टॅबलेट किंवा फोन मध्ये ठेवणे. कीबोर्ड आणि सिंथेसायझर दोन्ही त्याला जोडायचे आणि कीबोर्डकडून आलेले संदेश सिंथेसायझरकडे वळवणारा प्रोग्राम चालू ठेवायचा. लिनक्सवर हे काम एकॉनेक्ट या एका आज्ञेने होते, त्यामुळे रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक कायमचा होस्ट म्हणून वापरता येतो. घरी सरावासाठी हा मार्ग चांगला आहे, पण कार्यक्रमात एक पडदा, एक बॅटरी आणि एक प्रोग्राम अशा तीन अधिक गोष्टींवर भरवसा ठेवावा लागतो.

तिसरा मार्ग ब्लूटूथचा. ब्लूटूथवरील मिडीचे प्रमाण २०१५ मध्ये स्वीकारले गेले आणि आता गोल तोंडात बसणारे छोटे बिनतारी अडॅप्टर मिळतात. केबलचा गुंता कमी होतो, परंतु स्वर पोहोचण्याचा उशीर प्रत्येक वेळी सारखाच राहत नाही. लांबवलेल्या स्वरांसाठी तो खटकत नाही. जलद, तालाशी घट्ट बांधलेल्या वादनासाठी मी केबलच निवडेन.

नवा कंट्रोलर विकत घ्यायचाच असेल तर माझा सल्ला ठाम आहे: डिन किंवा छोट्या तोंडाचे मिडी आउट असलेलाच घ्यावा. केवळ यूएसबी असलेले मॉडेल स्वस्त दिसते, पण होस्ट पेटीची किंमत मिळवली की ती बचत बहुतेक उरत नाही.

पायरी पाचवी: चॅनेल जुळवा

जोडणी योग्य आहे, दिवे लागले आहेत, तरीही आवाज नाही, असे झाले तर सर्वप्रथम चॅनेल पाहावा. एका मिडी केबलमध्ये १६ चॅनेल असतात. कीबोर्ड ज्या चॅनेलवर पाठवतो त्याच चॅनेलवर सिंथेसायझर ऐकत असला पाहिजे. काही सिंथेसायझरांत ओम्नी असा पर्याय असतो. तो चालू केल्यावर वाद्य सर्व चॅनेल ऐकते. पहिल्या चाचणीसाठी ओम्नी सोयीचे आहे, पण पुढे दुसरे वाद्य जोडायचे असेल तर चॅनेल ठरवून टाकणे चांगले.

छोट्या वाद्यांवर पडदा नसल्यामुळे चॅनेल बदलण्याची पद्धत लपलेली असते. बहुधा एखादे बटण दाबून धरून वाद्य चालू करावे लागते किंवा विशिष्ट बटणासोबत पट्टी दाबावी लागते. ती पद्धत माहितीपुस्तिकेतून काढून वाद्याच्या तळाला चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवावी. काही वाद्यांत यूएसबीवरून आणि मिडी इनवरून येणारे संदेश ऐकायचे की नाहीत, याचेही वेगवेगळे पर्याय असतात. तेही तिथेच तपासावेत.

पायरी सहावी: वाजवून पाहा आणि बारकावे लावा

आवाज येऊ लागला की आधी सप्तक तपासावे. मिडल सीला काही कंपन्या सी ३ म्हणतात तर काही सी ४, त्यामुळे पडद्यावरच्या नावापेक्षा कानावर विश्वास ठेवावा आणि कीबोर्डवरील ऑक्टेव्हच्या बटणांनी हवे ते सप्तक लावावे.

मग हलके आणि जोराने वाजवून पाहावे. दोन्ही वेळा आवाज सारखाच आला तर कारण तीनपैकी एका ठिकाणी असते. कीबोर्डवर जोर ठराविक ठेवण्याचा पर्याय चालू असतो. किंवा सिंथेसायझरवर निवडलेला आवाज जोराला प्रतिसाद देईल असा बनवलेला नसतो. किंवा ते वाद्य बाहेरून आलेला जोर मानतच नाही. कॉर्गच्या मूळ वोल्का एफएमबाबत हीच अडचण होती, आणि अशा ठिकाणी कितीही महाग कीबोर्ड जोडला तरी उपयोग होत नाही. म्हणून जोराच्या प्रतिसादासाठीच बाहेरचा कीबोर्ड घेणार असाल, तर वाद्याच्या माहितीपुस्तिकेच्या शेवटी असलेला मिडी इम्प्लिमेंटेशन तक्ता आधी वाचावा. त्यात वाद्य कोणते संदेश ओळखते हे स्पष्ट लिहिलेले असते.

बाहेरच्या कीबोर्डने पट्ट्या वाढतात, एका वेळी वाजणाऱ्या स्वरांची संख्या वाढत नाही. मायक्रोकॉर्ग एका वेळी चार स्वर वाजवते. दोन्ही हातांनी सहा दाबले तर दोन गळतील. हा दोष जोडणीचा नाही.

सस्टेन पेडल कीबोर्डला जोडावे. ते ६४ क्रमांकाची कंट्रोल चेंज सूचना पाठवते. अनेक कीबोर्ड चालू होतानाच पेडलची दिशा ओळखतात, म्हणून चालू करताना पेडलवर पाय नसावा. तो असला तर पेडल उलटे चालते: पाय काढल्यावर स्वर लांबतात आणि दाबल्यावर थांबतात.

कंट्रोलरवरील नॉबने सिंथेसायझरचा फिल्टर किंवा आवाजाचा आकार बदलता येतो, आणि ही सोय शिकून घेण्याचे कष्ट सार्थकी लागतात. प्रत्येक नॉब एका क्रमांकाची सूचना पाठवतो. १ क्रमांक मॉड्युलेशन चाकासाठी, ७ आवाजाच्या पातळीसाठी असे संकेत सर्वत्र पाळले जातात. फिल्टरसाठी अनेक वाद्ये ७४ वापरतात. सिंथेसायझरच्या तक्त्यातून हवा तो क्रमांक शोधायचा आणि कंट्रोलरच्या नॉबला तो द्यायचा. हे काम सहसा कंट्रोलरच्या संपादक प्रोग्रामने संगणकावर एकदाच करावे लागते, नंतर ते कंट्रोलरच्या स्मृतीत राहते आणि संगणकाची गरज उरत नाही. सुरुवातीला चार नॉब पुरेत.

आवाज येत नसेल किंवा चुकीचा येत असेल तर

स्वर अडकून वाजतच राहिला, तर स्वर थांबवण्याची सूचना वाटेत हरवली आहे. पट्टी दाबलेली असताना केबल निघाली किंवा ऑक्टेव्ह बदलला की असे होते. कीबोर्डवर पॅनिक, म्हणजे सर्व स्वर एकदम थांबवणारे, बटण असल्यास दाबावे, नसल्यास सिंथेसायझर बंद करून चालू करावा. वाजवताना आवाजच बदलत असेल, तर कीबोर्डचे एखादे बटण प्रोग्राम चेंजची, म्हणजे दुसरा आवाज निवडण्याची, सूचना पाठवत आहे. सिंथेसायझरवर ती सूचना न मानण्याचा पर्याय निवडावा.

प्रत्येक स्वर दोनदा वाजल्यासारखा जाड ऐकू येत असेल, तर संदेश दोन वाटांनी पोहोचत आहेत. संगणक मध्ये असताना हे विशेष होते: सिंथेसायझरची स्वतःची पट्टी थेट वाजते आणि तिचाच संदेश संगणकातून फिरून परत येतो. अशा वेळी सिंथेसायझरवरील लोकल हा पर्याय बंद करावा. मात्र संगणक काढल्यावर तो पुन्हा चालू करायला विसरू नये, नाहीतर वाद्याच्या स्वतःच्या पट्ट्या मुक्या राहतील.

अर्पेजिएटर (दाबलेले स्वर एकामागून एक वाजवणारी सोय) किंवा सिक्वेन्सर (नोंदवलेली स्वरमाला आपोआप वाजवणारी सोय) सुरूच होत नसेल, तर सिंथेसायझर बाहेरच्या घड्याळाची वाट पाहत असतो. मिडी घड्याळ दर तालमात्रेला २४ ठोके पाठवते. कीबोर्ड ते पाठवत नसेल तर सिंथेसायझरचे घड्याळ अंतर्गत करावे.

घरघर किंवा शिट्टी येत असेल, तर दोन्ही उपकरणे एकाच चार्जरवर किंवा हबवर आहेत का ते पाहावे. एकाला बॅटरीवर चालवून पाहावे. आवाज थांबला तर विजेची वाट वेगळी करणे हाच उपाय.

एकापेक्षा अधिक कंट्रोलर जोडताना

काही दिवसांनी कीबोर्डसोबत नॉबांची किंवा पॅडांची वेगळी पेटी जोडावीशी वाटते, आणि सिंथेसायझरवर मिडी इन मात्र एकच असते. दोन आउट एका फाट्याच्या केबलने एकत्र करून त्या इनमध्ये घालू नयेत. प्रत्येक सूचना सलग आकड्यांची असते. दोन उपकरणांचे आकडे एकमेकांत मिसळले तर दोघांच्याही सूचना निरर्थक होतात. त्यासाठी मिडी मर्ज नावाची पेटी मिळते. ती एकाची सूचना पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याची थांबवून ठेवते आणि मग पुढे पाठवते. दोन्ही कंट्रोलर यूएसबीचे असतील तर हब स्वीकारणारी होस्ट पेटी हेच काम करते. मर्ज वापरताना दोन्हींपैकी एकाच उपकरणाचे घड्याळ चालू ठेवावे. दोन घड्याळे एकत्र आली की सिंथेसायझरला ठोके जास्त मिळतात आणि ताल वेडावाकडा धावू लागतो.